काठमांडूत एकच दिवस मोकळा आहे, काय बघू, काय खाऊ, काय आणू?

मुक्तिनाथहून परतताना तुमच्या हाती एक दिवस आहे आणि पशुपतिनाथाचं दर्शन आधीच झालंय, असं तुम्ही लिहिलंय. मग मनापासून सांगते, टॅक्सीने दहा ठिकाणं शिवण्याच्या मागे लागू नका. सकाळी असनचा बाजार, दुपारी पाटण हे जुनं शहर, संध्याकाळी बौद्ध म्हणजे बौद्धनाथचा स्तूप, बस्स. फक्त शनिवार टाळा, तो तिथला सुटीचा वार, बरीच दुकानं बंद असतात.

असनला सकाळी लवकर जा. सहा रस्ते एकत्र येतात तो हा चौक, ल्हासाच्या जुन्या व्यापारी वाटेवरचा. अन्नपूर्णेच्या देवळात मूर्तीऐवजी कलश पुजतात. तिथेच गरम सेलरोटी खा. तांदळाच्या पिठाची, कड्यासारखी तळलेली, किंचित गोड.

मसाल्याच्या दुकानात टिमुर मागा. मी मालवणची. पहिला वास घेतला आणि थेट आमच्या स्वयंपाकघरातलं तिरफळ आठवलं! दोन्ही झाडं एकाच कुळातली. टिमुरला लिंबाचा वास जास्त आणि जीभ चांगलीच झिणझिणते. तिरफळासारखंच, काळ्या बिया कमी आणि टरफलं जास्त असलेलं निवडून घ्या. माझ्या मते काठमांडूहून आणावं असं याहून चांगलं काही नाही. पुढे इंद्रचोकाजवळ पोते बाजार आहे. पोते म्हणजे काचेच्या बारीक मण्यांच्या माळा, तिथल्या सवाष्णी घालतात. हव्या त्या रंगात समोर बसून ओवून देतात. भाव विचारताना ‘एनसी की आयसी’ हे आधी पक्कं करा, म्हणजे नेपाळी रुपये की भारतीय. आपले 100 म्हणजे त्यांचे 160. मी विचारलं नव्हतं, पहिल्याच दुकानात जास्त पैसे गेले.

पाटण बागमती नदीच्या पलीकडे. 1637 सालचं कृष्णमंदिर सगळं दगडी, त्यावर महाभारत आणि रामायण कोरलंय. घाई करू नका, एकेक प्रसंग ओळखत फिरा. शेजारच्या राजवाड्यातलं संग्रहालय बघाच, ओतीव मूर्ती कशा घडवतात ते तिथे नीट समजतं. जेवायला ‘बारा’ घ्या, तिथल्या नेवार लोकांचा हा उडदाचा पदार्थ, जाडसर, तव्यावरचा. चटामरी आपल्या घावनाच्या जवळची. वर मांस घालतात, म्हणून शाकाहारी असाल तर आधी सांगा. ‘बफ’ म्हणजे म्हशीचं मांस, मोमोतही तेच बऱ्याचदा असतं. शेवटी मातीच्या कुंड्यातलं जुजु धौ, भक्तपूरचं घट्ट गोड दही.

चारच्या सुमारास बौद्धला निघा, वाटेत वाहनांची गर्दी फार. 2015च्या भूकंपात स्तूपाच्या शिखराला तडे गेले होते, पुढच्याच वर्षी भक्तांच्या देणग्यांतून ते पुन्हा उभं राहिलं. अंधार पडताना तुपाचे दिवे लागतात आणि तिबेटी आजीआजोबा माळ ओढत प्रदक्षिणा घालतात. उजवी घालून त्यांच्यात मिसळा. कोणी अडवत नाही.