बायकांच्या हॅट पावसात आणि बर्फात खराब होऊ नयेत म्हणून काय करावं?

समजा, तुमच्याकडे तीन टोप्या आहेत: कळंगुटला घेतलेली गवती टोपी, जुलैतल्या मडगावच्या चर्चमधल्या लग्नासाठी घेतलेली सिनामेची (जाळीदार कापडाची) हॅट, आणि जानेवारीत मनालीला न्यायची लोकरी फेल्टची हॅट. तिघींचं पाण्याशी वैर वेगवेगळं आहे, त्यामुळे एकच स्प्रे आणून तिन्हींवर मारायचा विचार सोडा. दुसरं म्हणजे, पावसाच्या चार थेंबांनी टोपी सहसा जात नाही. खरं नुकसान होतं ते घरी आल्यावर, वाळताना. गोव्याच्या जुलैत ती वाळतच नाही आणि मनालीत हीटरजवळ ती फार लवकर वाळते. दोन्ही वाईट.

आधी गवती टोपी खरंच गवताची आहे का ते बघा. किनाऱ्यावर मिळणाऱ्या स्वस्त टोप्यांमध्ये बऱ्याचशा पिळलेल्या कागदाच्या असतात. आतल्या लेबलवर ‘पेपर’ लिहिलेलं असेल तर प्रश्नच मिटला. लेबल नसेल तर कडेच्या आतल्या बाजूचं एखादं सुटलेलं टोक नखाने उकला. पीळ सुटून ते चपट्या पट्टीसारखं उलगडलं तर कागद, तंतू तंतू होऊन चिरलं तर गवत किंवा राफिया. कागदाची टोपी भिजली की तिचा लगदा होतो. ती पावसात न्यायचीच नाही, जून ते सप्टेंबर सरळ बांधून ठेवायची. गवत आणि राफिया भिजले तर मरत नाहीत, मऊ पडतात. मऊ असताना टोपी जशी ठेवाल तसाच तिचा आकार वाळल्यावर कायम होतो. खुंटीला टांगली तर खुंटीचं टेंगूळ येतं.

सिनामे म्हणजे फिलिपिन्समधल्या आबाका या केळीच्या कुळातल्या झाडाच्या तंतूंचं जाळीदार कापड. त्याला आकार येतो तो खळीमुळे. ती खळी जिलेटिनची असेल तर पाण्यात विरघळते, आणि तासाभराच्या पावसात डौलदार कड कोलमडते. फेल्टच्या टोप्यांना पूर्वापार लाखेची खळी देतात. ती पाण्यात विरघळत नाही, पण ओल धरून पांढरट ढगासारखे डाग दाखवू शकते. शिवाय लोकर भिजून उष्णतेत वाळली की आटते. ५७ सेंटिमीटरची टोपी ५६ ची झाली तरी कपाळाला कळतं.

आता कव्हर. पोलिसांच्या टोपीवर पावसाळ्यात पारदर्शक प्लास्टिक दिसतं ना, तीच कल्पना; पण रुंद कडेच्या बायकांच्या हॅटसाठी तयार कव्हर मापाचं मिळणं कठीण. हॉटेलातली शॉवर कॅप लहान पडते आणि कडेला वाकवते. घरी शिवायला तासभर लागतो. मोडक्या छत्रीचं कापड सगळ्यात उत्तम. म्हापशाच्या बाजारात छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडे काड्या गेलेली एखादी छत्री मागून बघा. हे कापड आधीच पाणी झटकणारं असतं, घडी करून पर्समध्ये मावतं, आणि थंडीत जाड प्लास्टिकसारखं कडक होत नाही, म्हणजे मनालीलाही चालतं.

माप घेताना टेप टोपीवरून पुढच्या काठापासून मागच्या काठापर्यंत न्या, घुमटाच्या चढउतारांसकट. समजा कड ७ सेंटिमीटर, घुमट ११ उंच आणि माथा १९ लांब, तर ७+११+१९+११+७ म्हणजे ५५ झाले. त्यात काठाखाली वळायला आणि नेफ्याला मिळून ८ घाला. ६३ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ कापा. छत्री उलगडल्यावर मधोमध दांड्याचं भोक असतं. ते अगदी माथ्यावर येतं आणि पाणी नेमकं तिथूनच आत जातं. त्याच कापडाचा ५ सेंटिमीटरचा गोल तुकडा आतून चिकटवा. त्यासाठी चपलांना लावतात ते रबरी सोल्युशन: दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग दाबायचं. पाकळ्यांच्या शिवणींवरही आतून त्याचाच हलका हात फिरवा.

काठाला दीड सेंटिमीटरचा नेफा घाला. टाचण्या लावू नका, प्रत्येक टाचणी म्हणजे एक गळकं भोक. कपड्यांचे चिमटे लावा. मशीनचा टाका मोठा ठेवा, साधारण ४ मिलिमीटर. बारीक टाक्याने कापडाला तिकिटासारखी भोकांची रांग पडते आणि पहिल्याच ओढीला तिथे फाटतं. नेफ्यात ६ मिलिमीटर रुंदीचं इलॅस्टिक ओवा. त्याची लांबी टोपीच्या बाहेरच्या घेरापेक्षा पाव हिस्सा कमी हवी: घेर १०५ असेल तर ७८ ते ८०. याहून घट्ट केलंत तर कड छत्रीसारखी खाली वळते आणि तशीच राहते. बहुतेक कव्हरं इथेच फसतात. कापड माथ्यापासून काठापर्यंत तंबूसारखं उतरतं हवं, घुमटाच्या पायथ्याशी खळगा राहिला तर तिथे तळं साचतं. आपल्याकडच्या इरल्याचं तत्त्वही तेच, उतार आणि अंगाबाहेर गेलेला काठ.

चर्चच्या दारात पोचलात की कव्हर लगेच काढा. आत डोक्याची वाफ साचते, आणि सिनामेची खळी आतून सुटू लागते. फुलं किंवा पिसं लावलेली असतील तर ती आधी सैलसर टिश्यू पेपरने झाकायची, मगच कव्हर. रेशमी फुलांचा रंग कच्चा असू शकतो. गडद फुलामागची पाकळी ओल्या पांढऱ्या रुमालाने दाबून बघा, रंग उतरला तर त्या दिवशी फूल काढून डबीत न्या आणि तिथे पिनेने लावा. स्कूटरवरून जाणार असाल तर हॅट डिकीत कोंबू नका. ती वाकते आणि इंजिनच्या उबेने खळीही नरम होते. कडक तळाच्या पिशवीत, मांडीवर. छत्री तीन घड्यांची नको, पावसाळी वारा आडवा येतो. लांब दांड्याची मोठी घ्या.

स्प्रेचा उपयोग फेल्टवर खरा. कापडासाठीचा पाणी झटकणारा स्प्रे घ्या, चामड्याच्या बुटांचा नको, त्याने लोकर तेलकट दिसते. आधी कडेच्या खालच्या बाजूला, रिबनीजवळ, नाण्याएवढ्या जागेवर मारून वाळू द्या आणि रंग बघा. मग २० सेंटिमीटरवरून हलके दोन हात, मध्ये अर्धा तास. भिजेपर्यंत मारला तर लव चिकटून बसते. खिडक्या उघड्या, गॅस आणि देवापुढचा दिवा बंद. चोवीस तास वाळायला हवेत, म्हणून हे काम मे महिन्यातच उरका. स्प्रे मारलेली हॅट रिमझिम सहन करते, कोसळणारा पाऊस नाही. गवती टोपीवर स्प्रे वाया जातो, कारण पाणी विणीच्या भोकांतून येतं. मखमल आणि पिसांवर तर मारूच नका.

भिजलीच, तर घरात येण्याआधी काठ धरून दोनदा झटका. मग पांढऱ्या टॉवेलने टिपा. घासलं की लव गुठळ्या धरते. आतली घामपट्टी बाहेर उलटा. ती चामड्याची असेल तर तिच्याच आधारावर टोपी उभी ठेवायची, म्हणजे कड टेबलाला टेकत नाही आणि पट्टी आटली तरी टोपीला ओढत नाही. रिबनीची पट्टी असेल तर टोपी टोपावर घाला. विनोद नाही: स्वयंपाकघरातला १७ ते १८ सेंटिमीटर व्यासाचा उभा टोप ५७ मापाच्या टोपीला बरोबर बसतो. डोकं मात्र लांबट असतं, टोप गोल. म्हणून पुढे-मागे घडी घातलेला नॅपकिन कोंबा. कड सगळीकडून अधांतरी हवी. वर्तमानपत्राचे बोळे आत भरू नका, शाई उतरते.

मग पंखा, मध्यम वेगावर, दोन मीटरवरून. ऊन नको, हेअर ड्रायर नको, फ्रिजच्या मागची ऊबही नको. पावसाळ्यात हवेतच इतका ओलावा असतो की जाड फेल्टला दोन-तीन दिवस लागतात. एसी असेल तर ‘ड्राय’वर ठेवून एका रात्रीत बरंच काम होतं. हाताला कोरडी लागली म्हणजे कोरडी झाली असं नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास तीस टक्के पाणी पिऊनही ओली वाटत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा: टोपी कोरडी असतानाचं वजन आज लिहून ठेवा आणि त्याच्या आसपास येईपर्यंत डब्यात घालू नका.

फेल्टवर थेंबांचे गोल डाग दिसले तर फक्त डागावर काम करू नका, नवा काठ उमटतो. किटलीच्या वाफेवर १५ ते २० सेंटिमीटरवरून अख्खी टोपी फिरवत न्या, मग मऊ ब्रशने लवेच्या दिशेने एकाच बाजूला, साधारणपणे घड्याळाच्या उलट. वाकलेल्या कडेला दहा-पंधरा सेकंद वाफ द्यायची, बोटांनी आकार द्यायचा आणि गार होईपर्यंत धरून ठेवायची. धरून ठेवणं हाच खरा भाग, बहुतेकजण लवकर सोडतात. कुकरच्या शिट्टीवर मुळीच नको, ती पाणी थुंकते. सिनामेला चार-पाच सेकंद पुरे.

साठवण्याबद्दल सर्वत्र सल्ला असतो की पुठ्ठ्याचा डबा वापरा, टोपीला हवा मिळते. गोव्यात पावसाळ्यात पुठ्ठ्यालाच आधी बुरशी येते, मग टोपीला. जून ते सप्टेंबर रबरी काठाचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा बरा, पण टोपी पूर्ण कोरडी असेल तरच. ४०×४०×२० सेंटिमीटरच्या डब्याला १०० ग्रॅम सिलिका जेल. जास्त वाटेल, पण हिशोब असा: त्या डब्यातल्या हवेत जेमतेम एक ग्रॅम पाणी मावतं, खरा ओलावा लोकरीत दडलेला असतो. नारिंगी दाण्यांची सिलिका घ्या, निळीत कोबाल्ट असतो. रंग बदलला की ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दीड-दोन तास, आणि पुन्हा वापरा. तांदळाची पुरचुंडी ठेवून काही होत नाही, फक्त टोके येतात. समुद्रावर वापरलेली टोपी ठेवण्याआधी गोड्या पाण्याच्या घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. मीठ ओल ओढत राहतं. घामपट्टीवरचं खोबरेल तेलही पुसा, लोकरीला लागणारी कसर अशाच मळक्या जागेवर बसते. (गोव्यातल्या सांजांव सणाच्या कोपेलला, म्हणजे पानाफुलांच्या मुकुटाला, यातलं काही लागू नाही. २४ जूनला ती विहिरीत उडी मारायलाच घालतात.)

आता बर्फ. कोरडा भुरभुरीत बर्फ फेल्टला पावसापेक्षा कितीतरी सोपा, तो वर बसून राहतो. पारा शून्याच्या आसपास असताना पडणारा ओला, जड बर्फ मात्र पावसासारखाच समजा आणि कव्हर घाला. दोन्हीत नियम एकच: बर्फ दाराबाहेर सोडून आत जायचं. हॅट काढा, उलटी धरून काठावर बोटाने टिचक्या मारा, उरलेला ब्रशने झाडा. तळव्याने पुसू नका, हाताच्या उबेने तो वितळतो आणि दाबाने लवेत मुरतो. बर्फ तसाच घेऊन हॉटेलच्या उबदार खोलीत गेलात तर पाच मिनिटांत टोपीभर पाणी. मग ती खोली गरम करणाऱ्या लोखंडी तंदूरजवळ किंवा हीटरवर ठेवायचा मोह होतो आणि तिथेच ती आटते, घामपट्टी सुरकुतते. हीटरपासून दोन मीटर लांब, घामपट्टी उलटून, रात्रभर. जॅकेटची टोपी हॅटवरून ओढू नका, कड चिरडते.

टोपीत सॅटिनचं अस्तर घालून घ्या, केस आणि फेल्ट यांच्यात थोडी हवा राहते आणि माथ्यावरचा बर्फ आतून उशिरा वितळतो. शिंप्याला सांगताना ते फक्त घामपट्टीला टाचायला सांगा, फेल्टला नाही. नाहीतर बाहेरून टाक्यांचे ठिपके दिसतात. स्प्रे घरीच मारून जा, असे ज्वलनशील डबे विमानात नेता येत नाहीत. हॅट बॅगेत भरताना घुमटात मोजे भरा, तळाशी कपड्यांचा खळगा करून उलटी ठेवा, आणि कडेवर बूट येऊ देऊ नका.