पू, खडे आणि पिवळं पाणी

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. औषधाच्या दुकानाबाहेर एक गृहस्थ भेटले. ‘माझ्या आईचे गुडघे असेच होते, आता जिने चढते,’ म्हणत त्यांनी एका ‘डॉक्टरां’चा नंबर दिला. ते घरी आले, गुडघ्यावर बारीक छेद दिले आणि धातूच्या नळीने पू ओढून काढला. थेंबाला चार हजार, असे एकवीस थेंब. ८४ हजार गेले. वडील म्हणतात, ‘पू मी डोळ्यांनी पाहिला.’

उत्तर : पाहिला असेल, पण तो गुडघ्यातून आलेला नव्हता. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो, तोही निरोगी गुडघ्यात चमचाभर भरत नाही. शिवाय तो सांध्याच्या बंद पिशवीत असतो. कातडीवर ओरखडा काढून नळी चोखली तर फार तर रक्त येईल. पिवळा माल हातचलाखीचा. सांध्यात खरोखर पू झाला तर ताप येतो, गुडघा सुजतो, पाय टेकवत नाही आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावं लागतं. औषध आणायला पायी गेलेल्या माणसाची ही गत नसते.

दुकानाबाहेरचे गृहस्थ त्याच टोळीतले. मुंबई-पुण्यात हा प्रयोग अनेकदा झालाय. हेरतात ते एकट्या, लंगडत चालणाऱ्या म्हाताऱ्यांना. खरी मेख थेंबाच्या हिशेबात आहे. दर आधी ठरतो, थेंब किती निघणार ते कधीच ठरत नाही.

आता करायचं ते असं : धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. तीच नळी आधी कोणाकोणाला लावली कोण जाणे, म्हणून डॉक्टरांना विचारून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या करा. पोलिसांत तक्रार द्या. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा. वडिलांवर मात्र चिडू नका. माझ्या सख्ख्या मामांनी असेच पैसे घालवले आणि दोन वर्षं मला कळू दिलं नाही. भाचा डॉक्टर, म्हणून लाज वाटली म्हणे.

प्रश्न : आई संधिवातासाठी एकाकडून बिनलेबलच्या पुड्या आणते. तिसऱ्या दिवशीच सूज उतरली, भूक वाढली, चेहरा भरला. सगळे म्हणाले, तब्येत सुधारली! आता शुगर २८० आली. पुड्या बंद करू?

उत्तर : एकदम बंद करू नका. पुडीसकट आजच फिजिशियनकडे जा. हे वर्णन स्टेरॉइडचं वाटतं. अशा पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन अनेकदा सापडलंय. गाल गोल होतात, हातपाय मात्र बारीक होत जातात, जरा लागलं की काळंनिळं पडतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. मग ते अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. डॉक्टर ते हळूहळू उतरवतील.

स्टेरॉइड आम्हीही देतो, पण मोजून. पुडीत किती आहे हे कदाचित देणाऱ्यालाही ठाऊक नसेल. यात आयुर्वेदाचं नाव फुकट खराब होतं. बाजारातल्या रीतसर आयुर्वेदिक औषधावरही उत्पादन परवाना, बॅच आणि मुदत छापलेली असते. उरलेल्या पुड्या टाकू नका. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना लागतील.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर वाचून ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस प्यायले. सकाळी हिरवे मऊ खडे पडले. पित्ताशय मोकळं झालं ना?

उत्तर : नाही, तो साबण होता. तेल, लिंबू आणि पाचकरस मिळून आतड्यातच अशा गोळ्या तयार होतात. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशाच ‘खड्यां’ची तपासणी छापून आली होती : ४० अंशांना ते दहा मिनिटांत वितळले. खरे खडे असे वितळत नाहीत. सोनोग्राफी पुन्हा करा, तुमचे जागच्या जागी दिसतील.

प्रश्न : आमच्या गावात कावीळ उतरवतात. हात चुन्याच्या पाण्यात धुतले की पाणी पिवळं होतं आणि माणूस बराही होतो. मग हे खोटं कसं?

उत्तर : बरा होतो, हे खरं. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते. उतरवणारा त्याच आठवड्यांचं श्रेय घेतो. पाणी पिवळं होतं ते आधी हाताला चोळलेल्या आंब्याच्या झाडाच्या सालीच्या रसामुळे. तुमचे निरोगी हात पुढे करा, तसंच होईल. पित्तनलिकेत अडकलेला खडा किंवा स्वादुपिंडाची गाठ यांची कावीळ मात्र वाट पाहत नाही. गरोदरपणातली कावीळ तर अजिबात अंगावर काढायची नाही.

प्रश्न : भोंदूंवर एवढं लिहिता; तुमच्या कट प्रॅक्टिसचं, म्हणजे रुग्ण पाठवण्याच्या कमिशनचं काय?

उत्तर : आहे. नको त्या तपासण्याही होतात, मी नाकारत नाही. पण आमच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो, तिथेच तक्रारही करता येते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. पहिल्या प्रश्नातल्या नळीवाल्याचा नंबर आज लावून पाहा.