जमलं तर बघा

मार्च संपत आला की पुण्यात, माझ्या एरंडवण्यातल्या समुपदेशनाच्या खोलीत एका ठरावीक प्रकारची माणसं येऊ लागतात. पहिल्या भेटीच्या फॉर्मवर ती 'झोप लागत नाही', 'ॲसिडिटी', 'घरात चिडचिड' असं काहीबाही लिहितात. अर्ध्या तासानं खरी गोष्ट बाहेर येते. कुणीतरी त्यांचं बिल थकवलेलं असतं. कुणी इंटिरियरची कामं घेणारा, कुणी कॉलेजांना प्रयोगशाळेचं सामान पुरवणारी, कुणी घरी बसून कंपन्यांसाठी अनुवाद करणारा. धंदा एकट्याचा, त्यामुळे मालक तेच, हमाल तेच आणि वसुलीला जाणारा माणूसही तेच. बोलणंही जवळपास सारखंच : "पैसे माझेच आहेत मॅडम, पण मागायला मलाच लाज वाटते. आणि फार मागे लागलो तर काम जाईल."

आजवर हे एकेकट्याशी बोलत आले. आता एकदा लिहूनच काढते, एका गृहस्थांच्या निमित्तानं. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन जणांचे तपशील एकमेकांत मिसळले आहेत. त्यांना आपण 'प्रोप्रायटर' म्हणू, कारण पहिल्या दिवशी कार्ड पुढे करून ते तेवढंच म्हणाले होते, "मी प्रोप्रायटर."

भोसरी एमआयडीसीत भाड्याचा गाळा, दोन कामगार, एक जुनं मिलिंग मशीन आणि हप्त्यावर घेतलेलं एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन. चाकणच्या एका कंपनीला फिक्श्चर, म्हणजे कामाचा भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या चौकटी, करून द्यायचे. नाशिक फाट्याला मेट्रोत बसून, सिव्हिल कोर्टला गाडी बदलून नळस्टॉपला उतरायचे. एवढ्या लांब कशासाठी, तर भोसरीत कुणी ओळखीचं बघेल. फी रोख द्यायचे, करंट खात्यातली असली एंट्री सीएच्या डोळ्यांना पडायला नको म्हणून. पहिल्या दिवशी माझी बाराशे रुपये फी देताना त्यांनी पाचशेच्या तीन नोटा दिल्या. माझ्याकडे सुटे नव्हते. "पुढच्या वेळी देते," मी म्हणाले.

कंपनीकडून येणं होतं ६,४०,००० रुपये, सगळ्यात जुनं बिल आठ महिन्यांपूर्वीचं. दरम्यान पत्नीच्या पाटल्या सोनेतारणात गेल्या होत्या. कामगारांचा पगार मात्र दर महिन्याच्या ७ तारखेला चुकला नव्हता. जीएसटीचंही तेच. लाखाच्या बिलावरचा १८,००० रुपये कर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरावाच लागतो, गिऱ्हाइकानं पैसे दिले असोत वा नसोत. म्हणजे न मिळालेल्या पैशांवरचा कर ते खिशातून भरत होते आणि त्याबद्दल ब्र काढत नव्हते. सरकारला वेळेवर, कामगारांना वेळेवर, बँकेला वेळेवर. उशीर चालणार असा जगात एकच माणूस होता, ते स्वतः.

मी म्हटलं, "कंपनीला पाठवलेला शेवटचा मेसेज दाखवा."

त्यांनी फोन पुढे केला. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला. "गुड मॉर्निंग सर, त्रास देतोय, माफ करा. जुन्या पेमेंटचं जमलं तर बघा. घाई नाही." शेवटी जोडलेले हात.

"घाई नाही?"

"आहे ना मॅडम."

"मग हे कुणी लिहिलं?"

ते कसंनुसं हसले. मी विचारलं, "पर्चेसच्या साहेबांच्या जागी तुम्ही असता तर हा मेसेज वाचून काय केलं असतं?"

बऱ्याच वेळानं म्हणाले, "उलट नमस्कार पाठवला असता."

साहेबांनी आठ महिने तेच केलं होतं.

इथे मला आपल्या भाषेचीच गंमत वाटते. आपण भीक 'मागतो', उसने 'मागतो', वर्गणी 'मागतो' आणि घाम गाळून कमावलेले पैसेही 'मागतो'. एकच क्रियापद वापरल्यामुळे मनात त्या चौघांचा चेहरा एक होऊन जातो. वहीत मात्र आपण 'येणं' असं लिहितो. मी माझ्या लोकांना वहीतला शब्द तोंडात आणायला सांगते. "पैसे मागायचे होते" असं न म्हणता "येणं आहे, तारीख कळवा" एवढंच. शब्द बदलून काय होतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तो एकदा फोनवर बदलून पाहावा. आवाज बदलतो.

दुसऱ्या भेटीला येताना यादी आणायला सांगितली होती : बिल नंबर, तारीख, रक्कम, माल कुणी उतरवून घेतला. साधं काम, पण प्रोप्रायटर दोन आठवडे फिरकलेच नाहीत. आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. ६,४०,००० पैकी १,१५,००० च्या मालाचं बिल त्यांनी केलंच नव्हतं! माल चलनावर गेला, फिक्श्चर तिकडे लाइनवर लागलं, आणि बिल 'आज करू, उद्या करू'मध्ये राहिलं. (यावर त्यांच्या सीएनं त्यांना जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.) आणखी १,८०,००० च्या दोन बिलांवर पीओ नंबर, म्हणजे कंपनीच्या खरेदी ऑर्डरचा नंबर, चुकला होता. अकाउंट्सनं तशी मेल चार महिन्यांपूर्वीच केली होती. यांनी ती उघडली नव्हती.

"का नाही उघडली?"

"नाही म्हणाले असतील असं वाटलं."

राहिलेल्या ३,४५,००० ना मात्र कंपनीकडे काही सबब नव्हती, तो निव्वळ चालढकलीचा मामला होता. तेव्हा दोष सगळा यांचा, असं मी मुळीच म्हणत नाही. पण लाज वाटणारा माणूस नुसता मागायचं टाळत नाही. तो बिल करायचं टाळतो, मेल उघडायचं टाळतो, खातेउतारा बघायचं टाळतो, आणि मग 'ते देत नाहीत' या एका वाक्यात सगळं गुंडाळून ठेवतो. हे माझ्या लक्षात आल्यापासून वसुलीची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी यादी करायला लावते. बहुतेकांच्या यादीत असं एखादं न केलेलं बिल निघतंच.

तिसऱ्या भेटीत त्यांनी लहानपणीचं काहीतरी सांगितलं. वडील दुधाचा रतीब घालायचे, महिनाअखेरीला बिलं घ्यायला याला पाठवायचे, आणि लोक दारातूनच "उद्या ये रे" म्हणायचे. ऐकून घेतलं, पण मी त्यात फार रमले नाही. माझी पद्धत त्या जातीची नाही. आठवण कितीही खरी असली तरी आज फोन उचलताना माणूस स्वतःशी काय बोलतो, हे मला महत्त्वाचं वाटतं. 'मागणारा तो लाचार' हे वाक्य पस्तीस वर्षांपूर्वी कुणी शिकवलं असेल. आज सकाळी ते यांनी स्वतःच स्वतःला ऐकवलं होतं.

न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस लाज घालवण्यासाठी लोकांना मुद्दाम लाजिरवाण्या गोष्टी करायला लावत. आगगाडीत बसून येणाऱ्या प्रत्येक स्टेशनाचं नाव मोठ्यानं पुकारायचं, अशा. एलिसना मी फार मानते, पण मेट्रोत कुणाला ओरडायला लावण्याची माझी छाती नाही. मी पुणेरी तोड काढली.

"मंडईत जा. पंधराची कोथिंबिरीची जुडी घ्या, वीसची नोट द्या आणि सुटे न घेता तीन पावलं पुढे जा. मग परत फिरा आणि म्हणा, 'मावशी, माझे पाच रुपये राहिले.' माफी मागायची नाही. हसायचं नाही."

"शी! पाच रुपयांसाठी?"

सहा लाखांसाठी ज्यांच्या तोंडून ती 'शी' निघाली नव्हती, त्यांना पाच रुपयांची किळस आली. मी फक्त त्यांच्याकडे बघत राहिले.

पुढच्या वेळी आले ते दारातूनच बोलत. "मॅडम, तिनं वर पण बघितलं नाही!"

"कुणी?"

"त्या मावशींनी. म्हटलं, पाच रुपये राहिले. त्यांनी नाणं माझ्या हातावर टेकवलं आणि मागच्या बाईंना म्हणाल्या, 'तुम्हाला काय?' संपलं." मग खुर्चीत बसले. "मी तिथेच उभा होतो मॅडम."

"का?"

"वाट बघत होतो. त्या काहीतरी बोलतील म्हणून."

खोलीत बराच वेळ शांतता होती. अशा वेळी समुपदेशकानं तोंड उघडू नये, हे शिकायला मला काही वर्षं लागली. मग तेच हळूच म्हणाले, "अकाउंट्सवाली मुलगी पण वर बघणार नाही, नाही का?"

बाकीच्या सगळ्या भेटींचं मोल मला या एका वाक्यात मिळालं. आठ महिने ते ज्या फोनला घाबरत होते, त्याच्या पलीकडे त्यांची किंमत करायला कुणी बसलेलंच नव्हतं. तिथे एक मुलगी होती, स्क्रीनवर चारशे व्हेंडरांची यादी होती, आणि तिला हवा होता जीआरएन नंबर, म्हणजे माल पोचल्याच्या नोंदीचा नंबर.

'काम जाईल' ही भीती मात्र कोथिंबिरीनं गेली नाही. ती जायचीही नाही, कारण ती अगदीच खोटी नसते. म्हणून मी तिची समजूत घालत बसत नाही. म्हटलं, "समजा, गेलं. पुढे?" त्यांनी कागद घेतला. ही कंपनी म्हणजे त्यांचं साठ टक्के काम. ते गेलं तर एका कामगाराला सांगावं लागेल, मशीनवर बाहेरचं जॉबवर्क घ्यावं लागेल, सहा महिने कठीण जातील. मनात इतके दिवस 'संपलो' असं लिहिलेलं होतं, कागदावर 'कठीण' उतरलं. कठीण दिवसांची तयारी करता येते.

आता फोन आणि पत्राबद्दल, कारण लोकांना तेच हवं असतं. काम देणाऱ्या साहेबांकडे पैशांचा विषय काढू नका, तो अकाउंट्सशी बोला. साहेबांशी नातं कामाचं राहू द्या. पेमेंट कोणत्या दिवशी निघतात ते विचारून घ्या आणि त्याच्या दोन दिवस आधी फोन करा. लेखी मजकूर असा : "बिल क्र. अमुक, दि. अमुक, रक्कम अमुक. मुदत अमुक तारखेला संपली आहे. पेमेंटची तारीख कळवावी." यात 'कृपया' चालेल, 'त्रास देतोय' चालणार नाही. 'जमलं तर' हे दोन शब्द तर कायमचे पुसा. समोरच्याला पळायला तेच दार लागतं. फोन झाला की लगेच मेल : "आपल्या बोलण्यानुसार २० तारखेला पेमेंट होईल." वर्षातून एकदा खात्याचा उतारा पाठवून बाकी लेखी मान्य करून घ्या. साधारणपणे येणं झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. त्या मुदतीत मिळालेली लेखी कबुली ती मुदत नव्यानं सुरू करते.

मी वकील नाही, पण या माणसांच्या संगतीत थोडा कायदा पाठ झालाय. सरकारकडे 'उद्यम' नोंदणी असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाला, माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, असं २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो. लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. पीओवर ९० दिवस छापले म्हणून ४५ चे ९० होत नाहीत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. दाद मागायला सुविधा परिषद आहे, आणि तिच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर कंपनीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर ही मुदत टळलेली रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, कंपनीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. जीएसटीतही १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर तिला घेतलेलं क्रेडिट, म्हणजे त्या बिलावरच्या कराची वजावट, परत करावं लागतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र ४५ दिवसांचं हे संरक्षण नाही. प्रयोगशाळेच्या सामानवाल्या बाईंना हे सांगताना मला वाईट वाटलं होतं.

'शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये' हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. न चढावी. पण पायरी कुठे आहे हे माहीत असलेला माणूस फोनवर वेगळा बोलतो. आणि कायदा धमकीसारखा वापरायचा नाही. पत्राच्या शेवटच्या ओळीत उद्यम नंबर लिहिला तरी कंपनीच्या सीएला कळायचं ते कळतं. गप्प राहणारेच पुढे एके रात्री ग्रुपवर शिव्या टाकतात, हे मी पाहिलंय. एका डिझायनर मुलीनं सोळा महिने सोसून तसं केलं. पैसेही गेले आणि बाजूही.

प्रोप्रायटरांनी मजकूर माझ्यासमोर बसून लिहिला. 'माफ करा' दोनदा टाईप झालं, दोनदा खोडलं. पीओ नंबर दुरुस्त केल्यावर १,८०,००० तीन आठवड्यांत आले. १,१५,००० चं बिल गेलं, ते मुदतीत मिळालं. ३,४५,००० पैकी २,५५,००० दोन हप्त्यांत जमा झाले. उरलेल्या ९०,००० वर कंपनीनं आता रिजेक्शनचा वाद काढलाय आणि परिषदेकडे अर्ज करायचा की नाही यावर त्यांचा सीए आणि ते भांडतायत. काम गेलं नाही, थोडं कमी झालं. पाटल्या सुटल्या.

शेवटच्या भेटीला फी दिली, चपला घातल्या आणि दारात थांबले.

"मॅडम, पहिल्या वेळचे माझे तीनशे रुपये राहिलेत."

हसले नाहीत. क्षणभर मला राग आला, हे कबूल करते. एवढं सगळं झाल्यावर तीनशे रुपये? मग आठवलं. पर्स उघडली, सुटे आजही नव्हते.

"नंबर सांगा, ऑनलाइन करते."

त्यांनी नंबर सांगितला, तो करंट खात्याला जोडलेलाच होता. फोन वाजला. त्यांनी रक्कम वाचून पाहिली, "आले" म्हणाले आणि मेट्रोकडे निघाले.