तंबोरा आणि हार्मोनियम कॉर्ग एमएस-२० मिनीमधून काढून अँबियंट (सावकाश पसरणारा, वातावरणासारखा) पोत कसा तयार करावा?

तुमच्याकडे तंबोरा, हार्मोनियम आणि एमएस-२० मिनी हा कॉर्गचा सिंथेसायझर आहे, पण सिंथेसायझर वाद्यांच्या सुरांमागे नीट चालत नाही, अशी तुमची अडचण आहे. माझ्या मते त्याला सुरांमागे धाववूच नये. वाद्याच्या आवाजाचा चढउतार तेवढा त्याच्या हाती द्यावा.

१९७८च्या मूळ एमएस-२०मध्ये बाहेरचा आवाज घेण्यासाठी जो स्वतंत्र विभाग होता, तो २०१३च्या मिनीतही आहे. आत आलेल्या आवाजावरून तो सुराच्या उंचीचे व्होल्टेज, आवाजाच्या जोराचे व्होल्टेज (म्हणजेच एन्व्हलप) आणि ट्रिगर (स्वर सुरू झाल्याची खूण देणारा संकेत) तयार करतो. यांपैकी सुराची उंची त्याला एका वेळी एकाच स्वराची ओळखता येते, त्यामुळे एकमेकींत मिसळणाऱ्या तंबोऱ्याच्या चार तारांपुढे तो भरकटतोच.

म्हणून वाद्य 'सिग्नल इन'ला जोडावे, तिथे वाढवलेला आवाज 'एक्सटर्नल सिग्नल इन'मध्ये आणावा आणि 'एन्व्हलप आउट' लो-पास फिल्टरच्या (खालचे स्वर जाऊ देऊन वरचे अडवणाऱ्या चाळणीच्या) कटऑफला, म्हणजे ती जिथून अडवू लागते त्या सीमेला, द्यावा. दोन्ही ऑसिलेटर (सिंथेसायझरचे स्वतःचे आवाज निर्माण करणारे भाग) मिक्सरवर पूर्ण बंद ठेवावेत. तार छेडली की फिल्टर उघडतो, नाद विरताना मिटतो. मात्र कीबोर्डची एखादी पट्टी दाबलेली नसेल तर बाहेर काहीच ऐकू येत नाही. मी पट्टीच्या फटीत दुमडलेला कागद खोचून ठेवतो, दिसायला बावळट असले तरी काम चोख होते.

खरी गंमत रेझोनन्सची, म्हणजे कटऑफजवळचे स्वर उचलून धरण्याच्या फिल्टरच्या गुणाची आहे; एमएस-२०वर त्याला 'पीक' म्हणतात. काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झला असतो आणि त्याचा पाचवा स्वरांश (मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा, त्याच्यासोबत आपोआप उमटणारा सूर), म्हणजे आपला स्वयंभू गांधार, सुमारे ३४६ हर्ट्झला येतो. हाय-पास (खालचे स्वर अडवणाऱ्या) फिल्टरचा पीक बराच वाढवून कटऑफ तिथे हळूहळू नेला की खर्जाची गाज मागे सरते आणि कोणी न वाजवलेला गांधार स्पष्ट वर येतो. त्या क्षणी जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली असलेला, नादाला झणकार देणारा) केसभर सरकवून पाहावा. फिल्टरला मिळणारे स्वरांश बदलतात आणि सगळा रंगच पालटतो. हार्मोनियमची रीडही स्वरांशांनी भरलेली असल्याने तिच्यावर फिल्टरला भरपूर काम मिळते. बासरीत स्वरांश कमी, त्यामुळे तिच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

माझे घर इंदूरला सराफ्याजवळ आहे, आणि तिथली खाण्यापिण्याची वर्दळ रात्री उशिरापर्यंत चालते, म्हणून मी उघड्या माइकऐवजी तंबोऱ्याच्या तबलीवर घोडीजवळ पिझो (कंपने थेट पकडणारी चकती) चिकटवतो. पिझो थेट जोडल्यास खर्ज पातळ होतो. मध्ये सुमारे एक मेगाओहम इनपुट रोध असलेला प्रीअँप (क्षीण संकेत वाढवणारे उपकरण) हवाच. मिनीचे पॅच जॅक साडेतीन मिलिमीटरचे असल्याने त्या मापाची केबलही आधीच आणून ठेवावी.

रिव्हर्ब (घुमारा देणारा परिणाम) सिंथेसायझरच्या नंतरच लावावा, कारण आधी लावल्यास एन्व्हलप खाली उतरत नाही आणि फिल्टर मिटेनासा होतो.