मैत्रिणीकडे राहत असलात तरी मुलाचं नाव शाळेतून काढू नका

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. नवऱ्याची नोकरी गेली, लीज संपली, चौघं मैत्रिणीच्या बेसमेंटमध्ये, तेही शेजारच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे वेगळ्या शालेय प्रशासनाच्या हद्दीत. आणि आता शाळा म्हणते, पत्ता बदललाय तर नाव काढून घ्या. सहा वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आमचं हेच झालं होतं. नोकरी गेल्यावर एच-वनबी या कामाच्या व्हिसावर मिळणारे 60 दिवस, वकील वगैरे तुम्ही बघतच असाल. मी फक्त शाळेबद्दल लिहिते.

नाव काढायच्या त्या फॉर्मवर सही करू नका.

मी केली होती. पत्ता बदलला की शाळा बदलायची, एवढंच मला ठाऊक होतं. लेक पाचवीत होती. शाळेचं व्हायोलिन परत करायचं होतं. त्याची पेटी बंद करण्याआधी तिने तारांखाली साचलेली, गजाला लावायच्या राळेची पांढरी पूड टी-शर्टच्या टोकाने पुसली आणि काही न बोलता व्हायोलिन माझ्या हातात दिलं.

मग नव्या डिस्ट्रिक्टचं रजिस्ट्रेशन ऑफिस. लीज दाखवा, विजेचं बिल दाखवा, नाहीतर घरमालकाचं नोटरी केलेलं पत्र आणा. आमच्या नावावर एकही बिल नाही. मैत्रीण स्वतःच भाडेकरू, तिची घरमालकाला विचारायची छाती होईना. चार खेपा घातल्या. तुम्ही दुसऱ्यांकडे का राहताय, हे तिथे एकदाही कुणी विचारलं नाही. शाळेचे 17 दिवस पोरगी घरी बसून होती. अजून राग येतो, कारण त्याच ऑफिसच्या भिंतीवर आमच्या हक्कांचं पोस्टर लावलेलं होतं. वर 'होमलेस' लिहिलेलं, म्हणून मी ते पुढे वाचलंच नाही. आपण कुठले बेघर, असं वाटलं.

पण कायद्याच्या भाषेत आपण त्यातच येतो. अमेरिकेच्या 1987 च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यात शेल्टर, मोटेल, गाडीत राहणारी मुलं आहेतच, शिवाय घर गेल्यामुळे किंवा पैशाच्या अडचणीमुळे दुसऱ्याच्या घरी राहणारीही आहेत. याला 'डबल्ड-अप' म्हणतात. 2021-22 मध्ये देशभरच्या पब्लिक, म्हणजे सरकारी, शाळांनी अशी 12 लाखांहून जास्त मुलं नोंदवली, आणि चारातली साधारण तीन दुसऱ्यांकडेच राहणारी होती. तेव्हा लाज बाजूला ठेवा.

तुमचा मुलगा जुन्याच शाळेत राहू शकतो. त्यात त्याचं हित नाही असं शाळेला वाटलं, तर ते तिला दाखवून द्यावं लागतं. तुम्ही मागितलीत तर जाण्यायेण्याची सोयही करावी लागते, डिस्ट्रिक्ट वेगळा असला तरी. मध्येच घर मिळालं, तरी वर्ष तिथेच पुरं करता येतं. शाळा बदलायचीच ठरवलीत, तर कागद नाहीत म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

माझं मत विचाराल तर खिडकीवरच्या बाईंशी वाद घालण्यात वेळ दवडू नका. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये होमलेस लिएझॉन, म्हणजे अशा मुलांसाठीचा संपर्क अधिकारी, नेमलेला असतो, त्यालाच लिहा. फोन नको, ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. आमचं घर गेलं, तात्पुरते ओळखीच्यांकडे आहोत, मुलाला त्याच शाळेत ठेवायचंय, बस हवी आहे, एवढं पुरे. 'तात्पुरते' हा शब्द विसरू नका. मी फॉर्मवर 'कायमचा पत्ता' अशी खूण केली होती, ती पुढे फार नडली. नकार आला तर लेखी मागा आणि अपील करा. निकाल लागेपर्यंत मुलाला शाळेत ठेवावंच लागतं.

मी वकील नाही. व्हिसाचं तुमच्या वकिलालाच विचारा.

आपल्या मराठी मंडळात कळेल ही भीती मलाही होती. राहण्याची माहिती मुलाच्या शैक्षणिक नोंदीचा भाग धरतात, तुमच्या संमतीशिवाय शाळा ती मंडळातल्या कुणाला सांगू शकत नाही. आणि हो, दुपारचं जेवण फुकट मिळतं, उत्पन्नाचा फॉर्म न भरता. लिएझॉनने कॅफेटेरियाला कळवलंय ना, तेवढं विचारून घ्या. आमच्याकडे ते राहून गेलं आणि महिनाभर आम्ही पैसे भरत होतो.

ईमेल आजच करा. मसुदा इथे टाकलात तर रात्री बघून देते.