जुन्या फियाटच्या नव्या मालकास

फोंडा, गोवा

चि. मित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. आजोबांची फियाट ११०० डी इतकी वर्षे डिचोलीच्या घरामागे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, ती आता तुझ्याकडे आली आहे, आणि ती संपूर्ण सुटी करून, रंग खरवडून नव्यासारखी उभी करावी असे तुझ्या मनात आहे. माझे उत्तर आरंभीच सांगतो : ती सुटी करू नकोस. आधी ती खात्रीने थांबेल असे कर, मग ती चालेल असे कर, आणि त्यानंतर एका वेळी एवढेच उघड, जेवढे पुढच्या पावसाआधी पुन्हा जागेवर बसवता येईल. उत्साहाच्या भरात पूर्ण मोकळ्या केलेल्या गाड्या मी गोव्यात अनेक घरी पाहिल्या आहेत. त्यांचे इंजिन एका कोपऱ्यात, दरवाजे माळ्यावर आणि नटबोल्ट डब्यांत पडलेले असतात. कोणता बोल्ट कुठला हे दोन वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही आणि अखेर सगळे भंगारवाल्याकडे जाते. चालती गाडी मात्र काय हवे-नको ते रोज स्वतःच सांगत राहते.

आपल्याकडे या छंदाचे वेळापत्रक पाऊस ठरवतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्या दिवसांत हवा इतकी दमट असते की घासून उघडा ठेवलेला पत्रा रात्रीतून तांबूस होतो. म्हणून पत्र्याचे, वेल्डिंगचे आणि रंगाचे काम चतुर्थीनंतर हवा कोरडी झाल्यावर घ्यावे आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत आटोपावे. पावसाळा टेबलावरच्या कामाचा : कार्ब्युरेटर, डायनॅमो, इंजिनवरचा पेट्रोल पंप आणि मेस्त्री ज्याला डेल्को म्हणतात तो, प्लगना वीज वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटर पडवीत बसून सावकाश साफ करता येतात.

आता गंजाविषयी, कारण तुझ्या फोटोंत मला सर्वांत जास्त तोच दिसला. ११०० डी या गाडीला वेगळी चेसिस नाही. जमिनीचा पत्रा, दरवाजांखालचे पोकळ सिल आणि चाकांवरच्या कमानी मिळून तिचा सांगाडा होतो. त्यामुळे सिल कुजले की केवळ शोभा जात नाही, गाडीची ताकद जाते. बॅटरीखालचा ट्रे, सुट्या चाकाची जागा, दरवाजांच्या खालच्या कडा आणि मागच्या पाट्यांची स्प्रिंग जिथे बॉडीला अडकते ती जागा एका बोथट स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. टणक आवाज आला तर ठीक; टोक आत गेले तर तिथला पत्रा कापून नवा घालण्यावाचून उपाय नाही. त्यावर लांबी (खड्डे भरायचा लेप) थापून रंग मारून देणारे डेंटर भेटतील. त्यांना नम्रपणे नकार दे, कारण लांबीखाली ओल अडकते आणि गंज दुप्पट जोमाने वाढतो. वरवरच्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचे रसायन लावता येते, ते गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करते. मात्र त्याआधी तो भाग गोड्या पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन पूर्ण वाळवला पाहिजे. समुद्राकडून येणाऱ्या हवेतले मीठ गंजाच्या खळग्यांत साचलेले असते आणि ते आत राहिले तर वरचा रंग कितीही भारी असला तरी काही महिन्यांत फुगतो. पोकळ सिलांत पातळ मेण फवारून घे आणि दरवाजांच्या तळाशी पाणी जाण्यासाठी ठेवलेली भोके तारेने मोकळी कर. वाळूच्या माऱ्याने रंग काढून देतो असे कोणी म्हटले तर पातळ बाह्य पत्र्यावर ते करू देऊ नकोस, पत्रा लहरतो आणि वाळू पोकळ्यांत अडकते. जुना रंग घासताना तोंडाला चांगला मास्क हवा, कारण त्या काळच्या रंगांत शिसे असू शकते.

शेडही बदलावी लागेल. मातीच्या जमिनीतून वर येणारी ओल गाडीचा तळ खाते. जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर फरशी किंवा फळ्या टाक आणि बाजू मोकळ्या ठेवून वारा खेळू दे. गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री मात्र कधीही घट्ट लपेटू नकोस, तिच्या आत दव धरते.

गंजाचा अंदाज आला की ब्रेक. तुझ्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि एकच हायड्रॉलिक जाळे आहे, म्हणजे एक रबरी नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. इतकी वर्षे उभ्या असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरची (पेडल दाबल्यावर ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरची) आणि चारही चाकांच्या सिलिंडरांची रबरे, तीन लवचीक नळ्या आणि सगळे ब्रेक ऑइल न पाहता बदल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ऑइलला कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस उत्कलनबिंदू असावा लागतो, पण ओल शिरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, आणि चोर्ला घाट उतरताना तापलेल्या ड्रमांपाशी त्या ऑइलची वाफ झाली की पेडल सरळ जमिनीला टेकते. आपल्या हवेत ते दर दोन वर्षांनी बदलावेच. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला खड्डे पडले असतील तर केवळ रबर बदलून भागत नाही; एखाद्या चांगल्या टर्नरकडून आत पितळेचा किंवा स्टेनलेस स्टीलचा स्लीव्ह बसवून घ्यावा लागतो. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रममधली भुकटी हवेच्या फवाऱ्याने उडवू नकोस. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाक. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी त्यांचे रबर कडक झालेले असेल, ते बदल. आणि गाडीखाली जाताना केवळ जॅकवर कधीही विसंबू नकोस. दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड लाव आणि आपल्या मऊ मातीत ते रुतू नयेत म्हणून खाली जाड फळी घाल.

इंजिन चालू करण्याची घाई नको. चारही प्लग काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोड, दोन दिवस तसेच राहू दे, आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हळू फिरव. फिरले तर जुने ऑइल काढून नवे भर. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाक, पण टाकीला भोक असेल तर ती स्वतः वेल्डिंग करायला घेऊ नकोस. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते.

इंजिन उघडायचे की नाही हे कानांनी ठरवू नये, गेजने ठरवावे. चारही प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशनचा दाब मोज आणि वहीत लिही. चारही आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असतील तर ते इंजिन उघडण्याचे कारण नाही, मग मेस्त्री काहीही म्हणो. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोज : दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, जसाच्या तसा राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट गळते आहे. एवढी साधी चाचणी न करता इंजिन खोलणाऱ्यांचे पैसे आणि चांगले भाग दोन्ही वाया गेलेले मी पाहिले आहेत.

तुझ्या १०८९ सीसीच्या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम, १-३-४-२ आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या तारा काढण्यापूर्वी त्यांवर चिकटपट्टीचे क्रमांक लाव. पॉइंटमधली, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरच्या आत उघडझाप करणाऱ्या संपर्कांमधली फट साधारण ०.४ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा तुझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) जुळव. पॉइंटची टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडते, म्हणून आधी फट आणि मगच टायमिंग हा क्रम कधीही उलटा करू नकोस. मे महिन्यात घाट चढताना गाडी अचानक बंद पडली तर लोक लगेच पेट्रोल पंपाला दोष देतात. पंप तापून नळीत वाफ धरते हे खरे, पण डिस्ट्रिब्यूटरला जोडलेला कंडेन्सर तापल्यावरही गाडी अगदी तशीच बंद पडते. एक प्लग काढून, इन्सुलेट केलेल्या पक्कडीने इंजिनला टेकवून धर आणि पेट्रोलपासून दूर राहून ठिणगी पाहा : ती निळी आणि कडकडीत असेल तर पंपावर ओले फडके टाकून थांब; पिवळी आणि क्षीण असेल तर कंडेन्सर बदल. कंडेन्सर आणि पॉइंटचा एक संच डिकीत कायम असू दे.

आजच्या पेट्रोलविषयी तू विचारले आहेस, तो प्रश्न रास्त आहे. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आले, आणि शिशाच्या आधारावर बेतलेल्या जुन्या इंजिनांत व्हॉल्व्ह बसण्याची जागा झिजून व्हॉल्व्ह आत जाण्याची शक्यता तेव्हापासून आहे. सौम्य वेगाने चालवलेल्या गाडीत ती झीज फार हळू होते, म्हणून टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट वेळोवेळी मोजत राहा. ती वारंवार कमी होऊ लागली तरच इंजिनचे हेड काढून व्हॉल्व्हना कठीण सीट बसवून घे. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल ही अधिक निकडीची गोष्ट आहे. इथेनॉल जुनी रबरे फुगवते आणि हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो आणि कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित धातूवर पांढरी पूड येते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घाल, मध्ये पारदर्शक फिल्टर बसव, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी कर. पण तिला महिनाभर उभी न ठेवणे हे सर्वांत उत्तम. पडवीसमोर पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याने उलट नुकसान होते, ऑइलमध्ये पाणी आणि पेट्रोल मिसळते. पंधरा दिवसांतून एकदा साखळी गावापर्यंत जाऊन यावे, म्हणजे ऑइल पूर्ण तापून ओल उडून जाते.

सुट्या भागांबाबत तू नशीबवान आहेस. तुझी गाडी आणि तिच्यानंतर आलेली प्रीमियर पद्मिनी यांच्यातले बरेच यांत्रिक भाग एकच आहेत, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे ते दीर्घकाळ मुबलक मिळत राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी सेवेतून गेली, तेव्हा हा झरा आता आटणार हे धरून चाल. ब्रेकचे किट, पेट्रोल पंपाचे डायफ्रॅम, वॉटर पंपाचे सील आणि स्टीअरिंगचे बॉलजॉइंट आत्ताच घेऊन ठेव. नवा भाग बसवल्यावर जुना फेकू नकोस, चिठ्ठी बांधून ठेव. आज नवे म्हणून मिळणारे काही भाग मापात बसत नाहीत, तेव्हा टर्नरला नमुना म्हणून तोच द्यावा लागतो. पोर्तुगीज राजवटीतून मुक्तीपूर्वी गोव्यात आलेल्या युरोपीय गाड्या १९६१ नंतर आयातीच्या निर्बंधांतही रस्त्यावर टिकल्या, त्या इथल्या टर्नरांच्या आणि मेस्त्रींच्या हातामुळे. त्या पिढीतले जे वयोवृद्ध मेस्त्री तुझ्या भागात असतील त्यांच्यापाशी जाऊन बस, त्यांना काम करताना पाहा, आणि त्यांचा वेळ घेतलास तर त्याचे पैसे आवर्जून दे. आणखी एक : कोणी मॉरिस मायनरसारखी जुनी ब्रिटिश गाडी तुझ्याकडे आणली तर बॅटरी जोडण्याआधी पाहा, कारण त्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, तुझ्या फियाटच्या नेमकी उलट.

कागदपत्रांचे काम या आठवड्यात कर. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मोठा बदल न केलेल्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंद मिळू शकते, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ क्रमांक ठेवता येतो. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती अशा कामांसाठीच ती नेता येते. तुला ती बाजारहाटासाठी चालवायची असेल तर साधी नोंदणी आणि फिटनेस चालू ठेवण्याचा मार्ग आधी आरटीओत जाऊन विचारून घे. त्यासाठीही इंजिन आणि चेसिसचे क्रमांक वाचता येतील असे स्वच्छ कर, पण ते घासू नकोस.

सीट, रेक्झिन आणि क्रोमचे काम सर्वांत शेवटी.

येत्या रविवारी फोंड्याला येऊ शकलास तर कॉम्प्रेशन गेज आणि फीलर गेज माझ्याकडून घेऊन जा. येताना सिलचे आणि मास्टर सिलिंडरचे जवळून काढलेले फोटो आण, आणि चारही टायरांवरचे आकडे लिहून आण, म्हणजे मागवायच्या भागांची यादी आपण बसूनच करू.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
काका