मुरमाची माती किती वर्षांत होते?

गेल्या काही दिवसांत आलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देतो. वरवर ते वेगळे दिसतात, पण खडकाची माती कशी होते हे कळलं की तिन्हींचा उलगडा होतो.

पहिला प्रश्न: "शेतात जेमतेम फूटभर माती आहे, खाली मुरूम. खोल नांगरून मुरूम वर आणला आणि त्याला ऊनपाऊस लागला, तर दोन-तीन वर्षांत माती होईल असं सांगतात. करावं का?"

करू नका. नांगर लावण्याआधी शेतातला एखादा जुना, गोलसर दगड घ्या आणि हातोड्याने फोडा. बाहेरून तपकिरी, पिवळट साल दिसेल. ती नखाने खरवडली तरी भुकटी सुटते. आत मात्र दगड तसाच काळाभोर किंवा करडा, टणक असतो. ती साल म्हणजे मातीची सुरुवात. बोटाच्या पेरापेक्षाही पातळ असलेली ही साल धरायला त्या दगडाला तुमच्या कित्येक पिढ्यांपेक्षा जास्त काळ लागलेला असतो.

खडक जागच्या जागी फुटतो आणि कुजतो, त्याला विदारण म्हणतात. फुटणं आणि कुजणं ही दोन वेगळी कामं आहेत. भेगेत शिरलेलं पाणी गोठलं की सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं आणि पहारीसारखं खडक उचकटतं. थंड मुलखात हे सतत चालतं. झाडाची मुळंही तेच करतात. फक्त उन्हाने खडक फुटतो असं आपण सहज बोलतो, पण त्यात पाण्याचा वाटा फार मोठा आहे. 1936 साली ग्रिग्ज या भूवैज्ञानिकाने ग्रॅनाइटचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा कोरड्या हवेत पुन्हा पुन्हा तापवला आणि थंड केला. सुमारे 244 वर्षांत जेवढे दिवस आणि रात्री येतील, तेवढ्या फेऱ्या केल्या. डोळ्यांना दिसेल असा फरक पडला नाही. मग थंड करताना पाणी वापरलं, तर त्याहून कितीतरी कमी फेऱ्यांत पृष्ठभाग खराब होऊ लागला.

फुटण्याने खडकाची खडी होते. माती होते ती कुजण्याने. पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळवून घेतं, त्यामुळे स्वच्छ पावसाचाही सामू साधारण 5.6 असतो, म्हणजे किंचित आम्ल. जमिनीच्या आतल्या हवेत मुळं आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे हा वायू बाहेरच्यापेक्षा अनेक पटींनी जास्त असतो, म्हणून तिथलं पाणी आणखी आम्लधर्मी होतं. हे पाणी फेल्स्पार या खनिजाला हळूहळू पोखरतं. पालाश, कॅल्शियम, सोडियम सुटून पाण्यात येतात आणि मागे चिकणमाती उरते. लोह गंजतं, त्याचा तांबूस-पिवळा रंग तुम्ही सालीत पाहिलाच. सगळी खनिजं एका वेगाने कुजत नाहीत. 1938 साली गोल्डिच या भूवैज्ञानिकाने त्यांचा क्रम लावला: ऑलिव्हीन हे खनिज लवकर जातं, गारगोटी सगळ्यांत शेवटी. कुजत आलेल्या खडकात वाळू उरते ती गारगोटीच्या या चिवटपणामुळेच.

आता तुमचा मुरूम. तो अर्धवट कुजलेला खडक आहे. मुठीएवढा खडा रात्रभर बादलीत भिजवा. सकाळी हाताने चुरला तर त्याचं विदारण बरंच पुढे गेलंय, न चुरला तर तो अजून दगडच आहे. चुरला तरी त्यात सेंद्रिय कर्ब नाही आणि नत्रही जवळजवळ नाही. नत्र जमिनीत येतं ते मुख्यतः हवेतून, जिवाणूंच्या मार्फत. मुरूम वर आणलात तर फूटभर चांगल्या मातीत तुम्ही उपाशी खडी कालवाल. त्यापेक्षा जमीन कोरडी असताना खोल फाळाने फक्त चिरा पाडा, माती उलटी करू नका. त्या चिरांतून पाणी आणि मुळं खाली गेली की विदारण जागेवरच सुरू राहतं. वरून शेणखत आणि हिरवळीचं खत द्या.

दुसरा प्रश्न: "दगडाची भुकटी खत म्हणून टाकली तर रासायनिक खत बंद करता येईल का?"

बंद करू नका. भुकटीमागचा विचार मात्र चुकीचा नाही. एक मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या दगडाला 6 चौरस मीटर पृष्ठभाग असतो. त्याचे एक-एक सेंटीमीटरचे चौकोनी तुकडे केले तर तोच 600 चौरस मीटर होतो. पाण्याला काम करायला तेवढी जास्त जागा मिळते. म्हणून भुकटी पिठासारखी बारीक हवी, कचसारखी नको. दगड कोणता हेही पाहा. बेसाल्टमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह मिळतं. ग्रॅनाइटमध्ये पालाश आहे, पण फेल्स्पारमध्ये अडकलेला. गारगोटीच्या भुकटीतून पिकाला काहीच मिळत नाही. आम्ल, ओलसर, उष्ण जमिनीत भुकटी लवकर विरघळते, तर विम्लधर्मी कोरड्या जमिनीत ती वर्षानुवर्षं तशीच पडून राहते. रॉक फॉस्फेटचंही असंच आहे, म्हणून आम्ल जमीन नसेल तर ते कंपोस्टमध्ये कुजवून मगच द्या. आधी माती परीक्षण करा, मग एका छोट्या वाफ्यात वापरून शेजारच्या वाफ्याशी तुलना करा. आणि एक कळकळीची विनंती: भुकटी पसरताना नाकातोंडावर चांगला मास्क लावा, भुकटी ओलसर ठेवा. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही, आणि तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही.

तिसरा प्रश्न: "दरवर्षी दगड वेचतो, तरी पुन्हा वर येतात. खालून उगवतात का?"

थंड प्रदेशात गोठणाऱ्या पाण्याने दगड खरोखर वर ढकलले जातात. बाकी ठिकाणी बहुतेक वेळा दगड वर आलेले नसतात, माती खाली गेलेली असते. पावसाने बारीक माती वाहून जाते, दगड जागेवर राहतात, आणि नांगरट आणखी काही उकरते. एका हेक्टरवरून 1 मिलिमीटर थर गेला तर 10 घनमीटर, म्हणजे अंदाजे 13 टन माती गेली. डोळ्यांना ते कळतही नाही. आणि एक सेंटीमीटर माती नव्याने तयार व्हायला सहसा काही शतकं लागतात. म्हणून वेचलेले दगड कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका. उताराला आडवे, समपातळीत त्यांचे बांध घाला, वरच्या बाजूला गवत लावा. पहिल्या मोठ्या पावसानंतर बांधाच्या वर जाऊन बघा. तिथे जो बारीक गाळ साठलेला दिसेल, तो कोरडा झाल्यावर उचलून पुन्हा शेतात पसरा.